ग्रूमिंगच्या डोईफोडे मॅडम

डोईफोडे मॅडम रागावल्या की त्यांचा आवाज चढायचा नाही, उतरायचा. इतका, की मागच्या बाकावरच्या मुली ऐकू यावं म्हणून पुढं वाकायच्या आणि वाकल्यावर त्यांना कळायचं, बोलणं आपल्याबद्दलच चाललंय.

आमची संस्था क्रांती चौकाच्या मागच्या एका गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर होती. पाटीवर उडणारं विमान आणि त्याखाली हात जोडून हसणारी मुलगी. हॉटेल, मॉल, विमानतळ असल्या ठिकाणच्या नोकऱ्यांसाठी तिथं मुली तयार केल्या जायच्या. मी बोलण्याचं इंग्रजी शिकवायचे, मॅडम ग्रूमिंग. ग्रूमिंग म्हणजे चारचौघांत कसं उभं राहावं, केस कसे बांधावेत, नखं, साडी, बूट आणि सगळ्यात जास्त चर्चा जिची व्हायची ती गोष्ट, चेहरा.

ती दुष्काळाची वर्षं होती. शहराचं नाव तेव्हा औरंगाबादच होतं आणि ते चहूकडं वाढत होतं. जालना रोडला काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या, बीड बायपासच्या पलीकडं शेतांत प्लॉटचे दगड रोवले जात होते आणि त्याच रस्त्यांवरून सकाळपासून पाण्याचे टँकर धावायचे. खेड्यांतल्या विहिरी आटल्या तशा मुली शहरात येऊ लागल्या. आमच्या वर्गात निम्म्या तरी अशाच होत्या. कुणी फुलंब्रीची, कुणी पैठणकडची, कुणी दौलताबादच्या पायथ्याची. नोकरी लागली तर शहरात राहता येईल, नाहीतर परत घागरी घेऊन टँकरमागं, एवढा साधा हिशेब होता त्यांचा.

मॅडमचं घराणं मेंढपाळांचं. वडिलांची मेंढरं होती, भाऊ अजून मेंढरांमागं फिरत होता. त्या स्वतः बरीच वर्षं गुलमंडीवरच्या एका सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानात काउंटरला होत्या, मग आमच्याकडं आल्या. रंगानं काळ्यासावळ्या, आणि दोन्ही गालांच्या हाडांवर वांग, काळपट डाग. ते त्या पावडरीनं झाकायच्या नाहीत. संस्थेचे संचालक गिरीश सर यांना ते खटकायचं. एकदा माझ्यासमोरच ते म्हणाले, “मॅडम, ग्रूमिंगची टीचर आणि चेहऱ्यावर वांग, पालक काय म्हणतील?”

“वांग आहे म्हणून तर उन्हाचं क्रीम मनापासून शिकवते,” मॅडम म्हणाल्या. “तुमच्या अकाउंटच्या सरांचे सगळे हिशेब कुठं जुळतात?”

सरांनी माहितीपत्रकावर त्यांचं आडनाव छापायलाही खळखळ केली होती. डोईफोडे हे नाव विमानाच्या चित्राखाली बरं दिसत नाही, त्याऐवजी ‘मिस व्ही. डी.’ लिहू, असं त्यांचं म्हणणं. मॅडमनी ते पत्रक हातात घेतलं, नीट वाचलं आणि परत टेबलावर ठेवलं. “माझी पोरगी पुण्यात नोकरी करते. मी मिस कुठली? आणि डोईफोडे छापलं नाही, तर मला नोकरीवर ठेवलंय हे पुराव्यानं कसं सांगणार तुम्ही?” पत्रक डोईफोडे या नावानंच छापलं गेलं. मुली मागून हसायच्या. मॅडमना ते माहीत होतं आणि त्यांनी कधी मनावर घेतलं नाही.

नव्या तुकडीच्या पहिल्या आठवड्यात त्या ग्रूमिंगच्या खोलीतल्या भिंतभर आरशावर चादर टाकायच्या. मुलींनी एकमेकींकडं बघायचं आणि समोरचीच्या चेहऱ्याबद्दल एक चांगली गोष्ट सांगायची. सुरुवातीला खोलीत नुसता संकोच भरून राहायचा. एकीला बोलताच येईना, तेव्हा मॅडम तिला म्हणाल्या, “मेंढराच्या कळपात माझा भाऊ प्रत्येक मेंढरू तोंडावरून ओळखतो. तुला समोर बसलेली पोरगी दिसंना व्हय?”

चादर निघाली की मग धडा सुरू व्हायचा. धडा फार छोटा होता आणि मुलींची निराशा व्हायची ती त्यामुळंच. सकाळी सौम्य फेसवॉशनं चेहरा धुवायचा, ओलसर असतानाच साधं मॉइश्चरायझर लावायचं, बाहेर पडण्याआधी सनस्क्रीन. संध्याकाळी आलं की धूळ आणि सनस्क्रीन धुऊन काढायचं, पुन्हा मॉइश्चरायझर. संपलं. एक मुलगी म्हणाली, “मॅडम, एवढंच? आणि सिरम?”

त्या काळात सिरमचं नवंनवं वेड होतं. ड्रॉपर असलेली ती छोटी बाटली प्रत्येकीच्या पर्समध्ये असायची. दुसऱ्या दिवशी मॅडमनी सगळ्यांना आपापल्या बाटल्या आणायला सांगितल्या. टेबलावर ही गर्दी झाली. व्हिटॅमिन सीच्या, नियासिनामाइडच्या, कसल्याकसल्या आम्लांच्या, सोन्याचा वर्ख असलेल्या. वाळूजच्या एका मुलीनं तर पिशवीच रिकामी केली.

“यातलं काय लावतेस?” मॅडमनी विचारलं.

“सगळं. एकावर एक.”

“तुझी तक्रार काय आहे?”

“म्हणजे?”

“चेहऱ्याला झालंय काय? पुरळ येतं, डाग आहेत, कोरडा पडतो, काय?”

मुलगी गोंधळली. आरशाकडं बघितलं, मैत्रिणीकडं बघितलं. “तसं काही नाही, मॅडम.”

“मग औषध कशाचं चाललंय?”

त्या दिवशी त्यांनी बाटलीकडं कसं बघायचं ते शिकवलं. आधी आपली तक्रार ठरवा, मग बाटली. पुरळ आणि तेलकटपणा असेल तर वेगळं, उन्हाचे डाग असतील तर वेगळं, नुसता कोरडेपणा असेल तर बहुधा सिरम लागतच नाही. मागच्या बाजूला काय काय घातलंय ते लिहिलेलं नसेल, कुणी बनवलं ते नसेल, तर ती बाटली खाली ठेवा. नवीन काहीही आधी कानामागं लावा, काही दिवस थांबा, मग गालावर. आणि दोन नव्या गोष्टी एकदम सुरू करू नका, कारण चेहरा बिघडला तर दोष कुणाचा ते कळत नाही. “कातडीला घाई कळत नाही,” त्या म्हणायच्या. “तुम्हाला घाई आहे म्हणून ती पळणार नाही.”

पाण्याची टंचाई त्यांच्या धड्यातही होती. संस्थेच्या टाकीत कधी पाणी असायचं, कधी नसायचं. त्या एका तांब्यात चेहरा, मान, हात धुऊन दाखवायच्या. आधी बोटं ओली, मग फेस, मग बारीक धार. “हॉटेलात नळ सोडून मोकळ्या व्हाल. घरी आईनं डोक्यावरून आणलेलं पाणी आहे. दोन्हीकडं हाच चेहरा न्यायचाय.” त्या तांब्याकडं मुली फार गंभीरपणे बघायच्या.

प्रणाली याच तुकडीत होती. दौलताबादजवळच्या गावची, शेतकऱ्याची मुलगी. सीताफळाची आणि पेरूची बाग होती त्यांची, ती वाळत चाललेली. मोठा भाऊ वाळूजच्या कंपनीत लागला होता. प्रणालीला एक धाकटी बहीण होती, सहावीतली. ती शाळा बुडवून टँकरच्या रांगेत उभी राहायची. प्रणालीच्या मनात एकच होतं. शहरात नोकरी, एक खोली आणि बहिणीला इथल्या शाळेत घालायचं. हे ती मोठ्यानं कुणाला सांगत नसे. मला माहीत होतं ते तिनं इंग्रजीत ‘माझं स्वप्न’ या विषयावर बोलताना सांगितलं म्हणून. बोलणं तिचं सुरेख होतं. स्वच्छ आवाज, नेमके शब्द. गालांवर मात्र पुरळ होतं आणि पुरळाचे काळे डाग.

हिवाळ्यात गिरीश सरांनी वर्गात एक खोकं आणलं. त्यात तपकिरी काचेच्या बाटल्या होत्या. त्यावर संस्थेच्या नावाचं स्टिकर आणि ‘ग्लो सिरम’ एवढीच अक्षरं. त्यांच्या मेव्हण्यानं बनवलेलं होतं. मार्चमध्ये जालना रोडवरच्या एका मोठ्या हॉटेलचे लोक मुलाखतीला बोलावणार होते, आणि सर म्हणाले, “फ्रंट डेस्कला चेहराच बघतात. तब तक सबके चेहरे क्लिअर होना चाहिए.”

मॅडमनी बाटली उचलली, उलटीसुलटी केली. “यात काय आहे?”

“सब नॅचरल है, मॅडम.”

“नॅचरल म्हणजे काय काय?”

“फॉर्म्युला थोडाच सांगतात कुणी?”

मॅडमनी मुलींना सांगितलं, मी तुमच्या जागी असते तर हे लावलं नसतं. त्यापुढं त्यांच्या हातात काही नव्हतं. मुलींनी लावलं. प्रणालीनं तर सकाळ-संध्याकाळ.

आणि ते लागू पडलं. खरी पंचाईत तीच झाली. आठ-पंधरा दिवसांत प्रणालीचं पुरळ बसलं, डाग फिके झाले, गाल गुलाबी दिसू लागले. मुली तिच्याभोवती जमायच्या. सर पालकांना तिचा फोटो दाखवायचे. मॅडम साध्या मॉइश्चरायझरचं सांगायला लागल्या की वर्गात खुसखुस व्हायची. एकीनं तोंडावर म्हटलं, “मॅडम, तुमच्या पद्धतीनं गेलो असतो तर अजून तशाच असतो.”

“व्हय,” मॅडम म्हणाल्या. “तशाच असता.”

त्या दिवसापासून मी त्यांना अस्वस्थ पाहिलं. चहाच्या वेळी त्या माझ्याशेजारी बसायच्या आणि कपाकडं बघत राहायच्या. “अनघाताई,” एकदा म्हणाल्या, “गुलमंडीच्या दुकानात असताना अशा गुलाबी बायका बघितल्यात मी. ट्यूब घेऊन जायच्या, खूश व्हायच्या. वर्षभरानं परत यायच्या, तेव्हा पदर तोंडावर असायचा. ट्यूबमध्ये काय होतं ते मला तेव्हाही कळलं नाही, आजही या बाटलीचं कळत नाही. म्हणून तर भीती वाटते.”

फेब्रुवारीत ऊन तापू लागलं. एका दुपारी प्रणाली जिना चढून आली ती गाल धरूनच. ऊन लागलं की आग होते, म्हणाली. मॅडमनी तिला खिडकीशी नेलं. मीही जाऊन बघितलं. त्या सुंदर गुलाबी गालांवर केसाएवढ्या बारीक लाल रेषा दिसत होत्या, नकाशावरच्या नद्यांसारख्या. कानाजवळ मऊ लव वाढलेली.

“आजपासून बंद कर,” मॅडम म्हणाल्या. आवाज अगदी खाली गेला होता.

“मुलाखत होऊ द्या मॅडम, मग सोडते.”

“नाय. आत्ता.”

“तुम्हाला काय जातंय सांगायला?” प्रणालीच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज घट्ट. “हे तोंड बघून सर म्हणाले, तुझी नोकरी नक्की. आधीचं तोंड बघून कुणीच कधी काही म्हणलं नव्हतं. मी नाय सोडणार.”

मॅडमनी कपाटातल्या खोक्यातली एक बाटली उचलली. तडक सरांच्या केबिनमध्ये गेल्या. दार उघडंच होतं. मी आणि ऑफिसमधली बाई बाहेरून ऐकत होतो. सर आधी हसले, मग चिडले. मॅडम म्हणाल्या, “यात काय घातलंय ते तुमच्या मेव्हण्याकडून मला लिहून आणून द्या. नाहीतर ही बाटली मी उद्या औषध प्रशासनाच्या कार्यालयात नेऊन देते.”

“मॅडम, आप नोकरी भूल रहे हो.”

“नाही विसरले. नोकरीसाठीच आले होते इथं, म्हणून तर विचारते.”

दुसऱ्या दिवशी सकाळी संस्थेतल्या सगळ्या बाटल्या गायब होत्या. कपाटातलं खोकं, मुलींच्या लॉकरमधल्या आणि संस्थेच्या वसतिगृहातल्या उरल्यासुरल्या, सगळं. सरांनी जाहीर केलं की स्टॉक संपला, नवीन येणार नाही. मॅडमच्या पिशवीत एकच बाटली राहिली होती. ती त्यांनी कार्यालयात नेऊन दिली. त्याचं पुढं काय झालं ते आम्हाला कधी कळलं नाही.

त्या संध्याकाळी मॅडम हलक्या झाल्यासारख्या वाटल्या. त्यांना वाटलं, बाटली गेली, विषय संपला. मलाही तसंच वाटलं.

तीन-चार दिवसांत प्रणालीचा चेहरा सुजला. गाल लालभडक झाले, त्यांवर पिवळ्या टोकाचे फोड आले, हनुवटीची कातडी सोलवटून निघाली. रात्री उशीला गाल टेकवता येईना. तिच्यासारखंच थोड्याफार फरकानं आणखी तिघींचं झालं. मुलाखत पुढच्या आठवड्यात होती.

मुलींचा निष्कर्ष सरळ होता. बाटली होती तोवर चेहरा चांगला होता, मॅडमनी बाटली घालवली आणि चेहरा गेला. कुणी मॅडमच्या वर्गात बसेना. एकीची आई आली. भर वऱ्हांड्यात मॅडमसमोर उभी राहून म्हणाली, “माझ्या पोरीचं चांगलं झालेलं तुम्हाला बघवलं नाय का बाई? तुमचं स्वतःचं तोंड तर बघा.” मॅडम मान खाली घालून सगळं ऐकून घेत होत्या. ती बाई दमली तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, “पोरीला उद्या सरकारी दवाखान्यात कातडीच्या डॉक्टरकडं घेऊन या. मी तिथं असते.” ती आली नाही. तिघींपैकी कुणीच आलं नाही.

प्रणाली राहायची वसतिगृहात, पण मुली चेहऱ्याकडं बघतात म्हणून तिनं खोलीतून बाहेर पडणं बंद केलं होतं. मॅडम तिच्या दारात जाऊन बसल्या. दार उघडलं तेव्हा मी बरोबर होते. प्रणालीनं डोक्यापासून स्कार्फ गुंडाळला होता, डोळे तेवढे दिसत होते.

“आता कशाला आलात?”

“माझं चुकलं ते सांगायला,” मॅडम म्हणाल्या. “आधी तुला डॉक्टरकडं न्यायला हवं होतं, मग सरांशी भांडायला. मी उलटं केलं. हे अचानक बंद झाल्यावर असं उसळतं, हे मला ठाऊक नव्हतं. चल.”

“कुठं?”

“डॉक्टरकडं. तिथून माझ्या घरी.”

प्रणाली उभीच राहिली. मला वाटलं, ही आता दार लावून घेणार. मॅडमनी पुन्हा आग्रह केला नाही. नुसत्या थांबून राहिल्या. बऱ्याच वेळानं प्रणालीनं चपला घातल्या.

डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी बघितल्या बघितल्या विचारलं, “काय लावत होतीस?” सगळं ऐकल्यावर म्हणाल्या की बाटली तपासल्याशिवाय खात्रीनं सांगता येणार नाही, पण लक्षणं स्टेरॉइडची आहेत. ते सुरुवातीला चेहरा चकाचक करतं आणि आतून कातडी पातळ करत जातं. थांबवलं की असं उसळतं. बरं होईल, पण महिने लागतील. त्यांनी पोटात घ्यायचं औषध दिलं, सौम्य मलम दिलं आणि बाकी सगळं बंद. गार पाण्यानं हलका हात, साधं मॉइश्चरायझर, सनस्क्रीन. सिरम कसलंच नाही.

“परत ते लावलं तर पटकन कमी होईल का?” प्रणालीनं विचारलं.

“होईल,” डॉक्टर म्हणाल्या. “आणि पुढच्या वेळी यापेक्षा जास्त उसळेल.”

ते दिवस प्रणालीनं मॅडमच्या सिडकोतल्या दोन खोल्यांत काढले. मी एकदा डबा घेऊन गेले होते. मॅडम एका वाटीत माठातलं पाणी घेऊन सुती फडकं भिजवत होत्या आणि तिच्या गालांवर ठेवत होत्या. बाजारात कुठं त्या ‘ग्लो’सारखी एखादी बाटली मिळते का, हे प्रणालीनं त्याच दुपारी एका मैत्रिणीला फोनवर विचारलं होतं. मॅडमनी ते ऐकलं होतं. त्या रागावल्या नाहीत. फडकं पिळता पिळता म्हणाल्या, “तू आणलीस तर मी फोडणार नाय. एकदा तुझ्याशी न बोलता बाटली घालवली, ते बास झालं. पण आणायची ठरलीच, तर लावायच्या आधी मला हाक मार. एवढं कर.”

ती बाटली आणली गेली नाही. निदान त्या घरात तरी नाही.

मुलाखतीच्या सकाळी मी मुलींना घेऊन हॉटेलवर गेले. मॅडमना सरांनी यायला बंदी केली होती, तरी त्या आल्या, स्वतःच्या खर्चानं रिक्षा करून, आणि गेटबाहेर उभ्या राहिल्या. बाकीच्या तिघी आल्याच नव्हत्या. प्रणाली आली होती. साडी व्यवस्थित, केस व्यवस्थित आणि तोंडाला स्कार्फ.

“मी असंच बोलते आत,” ती म्हणाली. “घसा धरलाय म्हणून सांगते.”

मॅडम तिच्याजवळ गेल्या. “गुंडाळून बसलीस तर त्यांना तोंड लपवणारी पोरगी दिसंल. सोडून बसलीस तर तोंड सुजलेली पोरगी दिसंल. दोन्हीत काही बरं नाय. मी तुला खोटं सांगणार नाय. तुझं तू ठरव.”

प्रणाली आत गेली ती स्कार्फ बांधूनच. दालनात माणसं कमी होती, थंड हवा होती. तिचं नाव पुकारलं तसा तिनं स्कार्फ सोडला, घडी घालून माझ्या हातात दिला आणि खुर्चीवर जाऊन बसली. मी दाराशी उभी होते. मुलाखत घेणारे गृहस्थ वयस्कर आणि सभ्य होते. त्यांनी तिच्याकडं बघितलं, मग कागदाकडं, मग पुन्हा तिच्याकडं.

“चेहऱ्याला काय झालंय?”

तिनं इंग्रजीतच उत्तर दिलं, मी शिकवलेल्या एकाही वाक्याचा आधार न घेता. “सर, मी एक सिरम लावत होते. त्यात स्टेरॉइड असावं असं डॉक्टर म्हणतात. आता बंद केलंय. हे दुसऱ्याला लागत नाही. बरं व्हायला काही महिने लागतील.”

“मग लावलं कशाला?”

“तुमच्यासमोर बसता यावं म्हणून, सर.”

त्यांनी कागद टेबलावर ठेवला. मग त्यांनी तिला पुढचे प्रश्न विचारले. पाहुणा चिडला तर काय कराल, खोली वेळेवर तयार नसेल तर काय सांगाल. ती एकेक उत्तर देत होती आणि माझ्या हातातल्या स्कार्फचा मी पिळा करून टाकला होता.

फ्रंट डेस्कसाठी तिची निवड झाली नाही. मात्र त्या गृहस्थांनी तिला टेलिफोनवरच्या बुकिंगचं काम देऊ केलं, आतल्या खोलीतलं. पाहुण्यांसमोर यायचं नाही, नुसतं बोलायचं. प्रणालीला ते लागलं. गेटबाहेर येऊन तिनं मॅडमना सांगितलं तेव्हा ती रडत होती. मॅडम म्हणाल्या, “नोकरी घ्यायची का नाय, ते दोन दिवस विचार करून सांग त्यांना. मनात डाचत असेल तर घेऊ नको.” तिनं घेतली. जूनमध्ये तिची बहीण शहरातल्या शाळेत आली. दोघी सिडकोतच मॅडमच्या शेजारच्या गल्लीत एका खोलीत राहायला लागल्या. हे सगळं मला तिच्या फोनवरून कळत गेलं, कारण तोवर मी शहर सोडलं होतं. चेहरा सावरायला तिला वर्षाहून जास्त लागलं. ऊन लागलं की गाल अजून तांबडे होतात, असं ती सांगते. फ्रंट डेस्कची जागा पुढं कधीतरी तिला विचारली गेली आणि तिनं नाही म्हटलं. टेलिफोनच्या खोलीची ती आता प्रमुख आहे.

मॅडमची नोकरी मुलाखतीच्या दिवशीच गेली. सरांनी फोनवर कळवलं. नवीन ग्रूमिंगच्या मॅडम आल्या, पत्रक नव्यानं छापलं गेलं. मीही त्याच महिन्यात राजीनामा दिला. नवऱ्याची बदली नागपूरला झाली होती.

जायच्या आधी मी मॅडमना भेटायचं ठरवलं. घरी कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, दवाखान्यात गेल्यात. मी रिक्षा करून सरकारी दवाखान्यात पोहोचले. त्वचा विभागाच्या बाहेर लांबच लांब बाकडी आणि त्यावर दाटीवाटीनं माणसं. उन्हाळा ऐन भरात होता. पंखा फिरत होता आणि नुसती गरम हवा ढवळत होता.

मॅडम मधल्या बाकड्यावर बसल्या होत्या. त्यांच्या एका बाजूला प्रणाली होती. दुसऱ्या बाजूला, ओढण्या नाकापर्यंत ओढून, त्याच तिघी, ज्यांनी त्यांच्या वर्गात बसणं सोडलं होतं. भर वऱ्हांड्यात बोलून गेलेली ती आईही होती, जरा दूर, भिंतीला टेकून. मॅडमकडं बघत नव्हती, पण पोरीच्या पायाशी पाण्याची बाटली ठेवून उभी होती.  तिघींपैकी एक मुलगी सारखी गाल खाजवायला हात वर न्यायची आणि मॅडम न बघताच तिचा हात खाली घ्यायच्या.

मी जवळ गेले. मॅडमनी सरकून मला जागा केली. “कधी निघताय?” त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, “नागपूरचं ऊन आपल्यापेक्षा वाईट. टोपी घ्या.” मला त्यांना पुष्कळ काही म्हणायचं होतं. त्या तिघी परत कशा आल्या ते विचारायचं होतं. तेवढ्यात खाजवणाऱ्या मुलीनं ओढणीआडून हळूच विचारलं, “मॅडम, तुम्हाला आमचा राग आला नाय का?”

मॅडमनी हातातल्या नंबराच्या चिठ्ठ्या सारख्या केल्या. “आला की. लई आला,” म्हणाल्या. “पण राग धरून बसले असते तर इथला तुमचा नंबर चुकला असता.”

शिपायानं नाव पुकारलं. मॅडम उठल्या, साडी झटकली, चौघींना पुढं घातलं आणि दाराकडं निघाल्या. शिपायानं हात आडवा धरला. “ओ बाई, एवढी गर्दी नाय सोडता येणार. पेशंट आणि सोबत एक माणूस.”

“मग बरोबर आहे,” मॅडम म्हणाल्या. “माणूस मी एकटीच आहे. पेशंट चार आहेत.”

शिपायानं एकदा त्यांच्याकडं बघितलं, एकदा त्या ओढण्यांकडं. मग हात काढून घेतला. एकेक करून मुली आत गेल्या. सगळ्यांच्या मागून मॅडम गेल्या, आणि जाताना दार त्यांनी स्वतःच ओढून घेतलं.